सत्यभामाचं रक्त

१६ जुलै २०१८, सोमवार
प्रार्थनेच्या वेळी नववीची सत्यभामा पडली. पुन्हा! राष्ट्रगीत संपेपर्यंत मात्र थांबली. शिस्तीची मुलगी.
उपाशी असेल, असं मुख्याध्यापक धोंडीराम सरांचं मत. मी म्हटलं, अंगात रक्त नाही. उपकेंद्राच्या कौशल्या सिस्टर दर सोमवारी यायला तयार आहेत — एक खोली आणि पाणी हवं. सर म्हणाले, संस्थेच्या अध्यक्षांना विचारावं लागेल. फळा पुसायलासुद्धा विचारतील.

२ ऑगस्ट
पाऊस नाही. अध्यक्ष मोहनरावांना भेटले. साखर कारखान्याचे संचालक तेच, पाण्याचा टँकर कुठं थांबवायचा ते ठरवणारेही तेच. शाळेच्या रिकाम्या खोलीत त्यांचा कडबा आहे.
म्हणाले, शाळेत दवाखाना काढला तर पोरी आजारी आहेत अशी बोंब होईल. पालकांचंही तेच. इथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे ऊसतोडीचा एक कोयता. एकट्या गड्याला मुकादम नेत नाही. त्यामुळे अशक्त मुलगी कुणी सून म्हणून करत नाही. म्हणून तपासायचीच नाही!

३ ऑगस्ट
खोलीला मोहनरावांच्या आईचं नाव देऊ, असं त्यांना सुचवलं. लाज वाटली. थोडीच.

११ ऑगस्ट
कडबा हलला. 'कै. सुंदरबाई आरोग्य कक्ष' अशी पाटी लागली. टँकरही शाळेपाशी थांबू लागला. खाट यायची आहे.

२७ ऑगस्ट, सोमवार
सिस्टर आल्या. कुणाचा आकडा बाहेर सांगणार नाही, असं पालकांना वचन दिलं. तरी निम्म्या आया मुलींना घेऊन गेल्या. सत्यभामाची आई आलीच नाही, म्हणून ती राहिली. हिमोग्लोबिन आठ. रोज लोहाची गोळी, वर गूळ-शेंगदाणे. गोळी माझ्यासमोर गिळायची.

२४ सप्टेंबर
सत्यभामा खो-खोत धावली! मी मैदानावर वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. तिला दहावी करून सिस्टर व्हायचंय. हिला मी शिकवणारच.

८ ऑक्टोबर
तिचे वडील आश्रुबा शाळेत आले. ऊसतोडीला निघायच्या गडबडीतसुद्धा!
"बाई, रगत किती झालं पोरीचं?"
सांगायचं नव्हतं, पण बापच तो. अकराच्या वर गेलं, म्हटलं.
"म्हंजी आता जड काम झेपंल?"
ठणठणीत आहे, म्हटलं. बाप एवढी चौकशी करतो, याचं फार बरं वाटलं. घरी येऊन शिरा केला.

२२ ऑक्टोबर, सोमवार
सत्यभामा आली नाही. आश्रुबा पेढे घेऊन आले.
"दसऱ्याला उरकून टाकलं, बाई. अशक्त हाय म्हनून सोयरे न्हाई म्हनत व्हते. तुमच्या गोळ्यांनी कोयता जुळला."
खोलीबाहेर आज आयांची रांग आहे. प्रत्येकीबरोबर मुलगी.