नमुना क्रमांक चौदा आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, वरदा विष्णू कुंभार, वय सव्वीस, व्यवसाय मातीवरचं संशोधन, राहणार हाउन्सलो, असं लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. काल नव्हतं, म्हणून काल लिहायचं टाळलं. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. न लिहिण्यासाठी मात्र घरातल्या सगळ्यांनी आणलं. मी कोणतीही नशा केलेली नाही. सकाळी सर्दीची एक गोळी घेतली, ती झोप न आणणारी आहे. खात्रीसाठी तिचं वेष्टण सोबत टाचलं आहे.

याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रं, म्हणजे ड्रायव्हिंग टेस्टच्या आधीचं आणि अक्कलदाढ काढण्याच्या आधीचं, रद्द समजावीत.

येत्या बुधवारी मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शेतांमधून मातीचे नमुने घ्यायला जाते आहे. विमान, चक्रीवादळ, कापणीचं यंत्र किंवा चिखल यांपैकी कशानेही माझं बरंवाईट होऊ शकतं. आई म्हणते, "अगं, चिखलात कोणी मरतं का?" तिने तो चिखल पाहिलेला नाही. मागच्या खेपेला माझा डावा बूट त्यात गेला, तो अजून वर आलेला नाही.

या पत्राची इंग्रजी प्रत सॉलिसिटरकडे आहे. ही मराठी प्रत आईबाबांसाठी. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, पण त्याआधी मला लिहायला शिकवलं आईने, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पिठात बोट फिरवून. दोन प्रतींत फरक आढळला तर कोर्टात इंग्रजी खरी आणि घरात ही खरी.

कलम १. माझी मैत्रीण आणि प्रयोगशाळेतली सहकारी ईशिता हिला मी व्यवस्थापक नेमते. तिची संमती घेतली आहे. ती "हो गं बाई, हो" अशी होती. मी ती तीनदा विचारून पक्की केली.

कलम २. शब्दांचे अर्थ. या पत्रात जिथे "माती" म्हटलं आहे तिथे कोणतीही माती समजू नये. अमेरिकेच्या गवताळ मैदानात हिमयुगातल्या बर्फाने खोलगट बश्या करून ठेवल्या आहेत. त्यांत पाणी साठतं आणि खाली मुरत नाही. मग ते बशीच्या काठाकडे सरकतं, उन्हाने उडून जातं आणि आपल्यातला चुना काठाला ठेवून जातं. आपल्या हाउन्सलोच्या नळाचं पाणी किटलीत जे करतं तेच हे, फक्त किटली काही एकरांची. वरचा थर डांबरासारखा काळा. खाली हवा पोचत नाही, म्हणून तिथे राखाडी, गुळगुळीत चिकणमाती. तिच्यात जुन्या गोगलगायींचे शंख सापडतात. आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते. गंमत अशी, की या मातीत लोह भरपूर असतं, पण चुन्यामुळे सोयाबीनला ते घेता येत नाही, आणि कोवळी पानं पिवळी पडतात. माझं सगळं संशोधन त्या पिवळ्या पानांवर आहे. हे मी शिल्पाआत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्याला बीट घाला खायला."

कलम ३. अवजारं. माती काढायचं माझं गिरमिट बाबांना द्यावं. त्यांनी ते बागेत वापरावं, पण शेजारच्या डॉब्सनबाईंच्या कुंपणापासून दूर; गॅसची नळी कुठून जाते ते मी नकाशावर लाल शाईने दाखवलं आहे. मातीचे रंग जुळवायचं पुस्तक ईशिताला. सौम्य आम्लाची बाटली माझा भाऊ कुश याला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. त्याने एकदा शिल्पाआत्याच्या संगमरवरी खिडकीत चुना आहे का ते तपासलं होतं. होता.

कलम ४. बिल्डिंग सोसायटीतल्या माझ्या बचत खात्यातली शिल्लक आईबाबांना अर्धी अर्धी. आईने तिचा अर्धा भाग कुशला देऊ नये. ती देईलच, तरी लिहिलं.

कलम ५. जुने हिशेब. माझी पदवीची बातमी ऐकून शिल्पाआत्या म्हणाली होती, "विष्णूदादा चिखल मळायचं सोडून इंग्लंडला आला आणि पोरीने पीएच.डी. करून पुन्हा त्यातच हात घातला!" त्याबद्दल मी तिला क्षमा करते. माझी किटली तिला द्यावी आणि तिच्या आतला पांढरा थर खरवडू नये, असं सांगावं. ती खरवडेल. मग त्याबद्दलही क्षमा.

कलम ६. आता खरा प्रश्न, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. माझ्यामागे नमुना क्रमांक चौदाचं काय करायचं?

बाबांचं घराणं पेणजवळचं, गणपती करणारं. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली आणि हात शाडूत गेले. इथे ते विमानतळावर मालाच्या गोदामात काम करतात, पण दरवर्षी घरचा गणपती स्वतः करतात, वीतभर उंचीचा. गेल्या वर्षी भारतातून येणारं शाडूचं पोतं कुठेतरी अडकलं. नेमकी त्या शनिवारी संध्याकाळी मी मिनेसोटाहून उतरले. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, सोमवारी बँक हॉलिडे, प्रयोगशाळा बंद. परदेशची माती आणायला सरकारी परवाना लागतो आणि ती प्रयोगशाळेबाहेर मोकळी करायची नसते. म्हणून मी विमानतळावरूनच परवान्याच्या अधिकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, डबा सीलबंद आहे ना, मग मंगळवारपर्यंत घरात ठेवा. मी त्याचं नाव लिहून घेतलं, चौदा क्रमांकाच्या नमुन्याचा तो डबा जिन्याखाली ठेवला आणि झोपले.

उठले ती आरतीच्या आवाजाने. खाली आले तर चौरंगावर गणपती. राखाडी, अजून ओला, पोटावर इवलासा शंख. पूजेला आलेले काका प्राणप्रतिष्ठा करून पेढा खात होते.

"वरदा, काय माती आणलीस गं!" बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "लोणी नुसतं. मी आईला म्हटलं, पोरगी काही बोलली नाही, पण बापाची अडचण तिने ओळखली."

मी म्हटलं, "बाबा, तो नमुना आहे."

"नमुना काय म्हणतेस देवाला!" आई ओरडली. "पाया पड आधी."

मी पाया पडले. मग वर जाऊन परवाना वाचला. पाया पडायला त्यात मनाई नव्हती. पाण्यात सोडायला होती.

आमचा गणपती दीड दिवसाचा. सोमवारी बाबांनी मागच्या अंगणात बादली भरली. मी बादली आणि देव यांच्यामध्ये उभी राहिले. कुश म्हणाला, "ताई, ड्रामा नको ना, जस्ट अ बकेट." मी म्हटलं, ते बादलीतलं पाणी उद्या तुळशीला जाणार, तुळशीतून जमिनीत, आणि तिथून मिनेसोटातला कुठला किडा सबंध मिडलसेक्सभर जाईल ते तुला माहीत आहे का? त्याला माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि तेच तर भयंकर आहे.

मंगळवारी मी बाप्पांना दुहेरी पिशवीत घालून, मांडीवर धरून, पिकॅडिली लाइनच्या ट्रेनने प्रयोगशाळेत नेलं. झालेला प्रकार अधिकाऱ्यांना सविस्तर कळवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: आकार कोणताही असो, नमुना परवान्यालाच बांधलेला आहे. तेव्हापासून ते कुलूपबंद कपाटात आहेत. वाळून पोटावर चीर पडली आहे. ही माती वाळली की आकसतेच, त्यात अशुभ काही नाही, असं मी आईला कळवलं आहे.

आईचं म्हणणं एवढंच आहे: "आधीचा गेल्याशिवाय मी नवा कसा आणू? दीड दिवसासाठी बोलावलं आणि वर्षभर कपाटात डांबलं. कुठल्या तोंडाने त्याला पुन्हा या म्हणू?" येत्या शनिवारी चतुर्थी आहे. शाडूचं पोतं या वर्षी वेळेवर आलं, ते बाबांनी अजून उघडलेलं नाही. बाबा कामावरून येतात, पोत्याकडे बघतात आणि टीव्ही लावतात. मला हे बघवत नाही.

उपाय मी सगळे तपासले. भट्टीत जाळणं नियमाला चालतं. ते मी घरात बोललेही नाही. ज्यांच्या शेतातली माती, त्या ड्वेननाही विचारलं, की परत आणून तुमच्याच तळ्यात सोडले तर? त्यांनी प्रेमाने लिहिलं की माझी हरकत नाही, पण आमच्याकडे काहीच खाली मुरत नाही, तुमचे देव मे महिन्यापर्यंत तिथेच बसून राहतील. शिवाय अमेरिकेचा परवाना वेगळा.

राहिला ऑटोक्लेव्ह. त्यात माती निर्जंतुक केली की परवान्याचं बंधन सुटतं, मग तिचं कुठेही विसर्जन करता येतं. हे मी आईला गेल्या वर्षीच समजावलं होतं. "एक मोठा प्रेशर कुकर असतो," असं मी म्हटलं.

"देवाला कुकरात घालणार?" ती म्हणाली. त्यानंतर हा विषय आमच्या घरात बंद आहे.

सबब, मी असं ठरवते की माझ्या पश्चात नमुना क्रमांक चौदा कपाटातच राहावा, आणि ईशिताने दर चतुर्थीला कपाट उघडून त्याला नमस्कार करावा.

(कलम ६ मधलं वरचं शेवटचं वाक्य आज रद्द केलं आहे. खोडलेल्या जागी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरं आहेत. कारण कलम ७ मध्ये.)

कलम ७. आज दुपारी साक्षीदार पुढच्या खोलीत चहा घेत असताना मी हे पत्र आईबाबांना वाचून दाखवलं. त्यांना यातून काही मिळतं म्हणून त्यांनी सही करायची नाही, पण ऐकायला कायद्याची आडकाठी नाही. कपाटाचं वाक्य ऐकून बाबा उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. आई म्हणाली, "म्हणजे तू गेल्यावरही तो तिथेच?"

"दुसरा मार्ग नाही ना, आई."

"त्या तुझ्या यंत्रात नक्की काय होतं? आग असते?"

"नाही. वाफ असते. खाली पाणी, वर जाळी, जाळीवर वस्तू."

"वस्तूला पाणी लागतं?"

"नाही, नुसती वाफ."

"अगं, म्हणजे मोदकपात्र!" आई म्हणाली.

मी विचार केला. तापमान आणि दाब सोडले तर फरक सांगता येईना. "साधारण तसंच," मी म्हटलं.

"मग वर्षभर कुकर, कुकर काय करत होतीस? आपल्या कुकरात मी मटण शिजवते! मला वाटलं, तसल्यात घालणार. मोदकपात्र वेगळं. मोदकपात्राला आपण कांदासुद्धा लागू देत नाही." ती बाबांकडे वळली. "अहो, ऐकलंत का? उकडायचाय."

"चीर वाढेल," बाबा म्हणाले. मग खिडकीकडून वळून म्हणाले, "वाढू दे. नाहीतरी विरघळायलाच निघालाय."

आईच्या अटी अशा: जाळी नवी हवी. त्या यंत्रात त्या दिवशी आधी कोणाचे जंतू शिजलेले नसावेत. झाकण लावण्याआधी आरती होईल, पूर्ण, कडव्यांना कात्री न लावता. ईशिताला फोन केला. तिने प्रयोगशाळेच्या प्रमुखांना विचारलं आणि सोमवारची सकाळची पहिली पाळी मिळवली. प्रमुखांनी उदबत्तीला नकार दिला आहे, टाळांना परवानगी आहे. थंड झाल्यावर घरी आणून मागच्या अंगणात बादलीत विसर्जन. बाबा आत्ताच पोतं उघडायला बसले आहेत.

म्हणून कलम ७ असं: सोमवारी वर लिहिल्याप्रमाणे करावं. सोमवारच्या आत माझा मृत्यू झाल्यास हे काम ईशिताने आईच्या हजेरीत पार पाडावं.

हे शेवटचं वाक्य आईला मान्य नाही. तिने सांगितलेली दुरुस्ती शब्दशः देते: "सोमवारच्या आत बिलकूल मरायचं नाही. ईशिता बिचारी एकटी काय काय बघेल? आणि तुझ्याएवढ्या मोठ्याने आरती तिला येत नाही."

दुरुस्ती स्वीकारली आहे.

लिहून देणार: वरदा विष्णू कुंभार (सही)

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना तिने आमच्यासमोर सही केली, आणि तिच्यासमोर आम्ही केल्या:

१. पॅट्रिशिया डॉब्सन, शेजारी, निवृत्त ग्रंथपाल (सही). मराठी येत नाही. मजकूर काय आहे असं विचारलं. कुंपणाचा उल्लेख आहे, असं प्रामाणिकपणे सांगितलं.

२. गुरमीत सहोता, समोरच्या घरातले, बसचालक (सही). सोमवारी सुट्टी आहे, टाळ वाजवायला येऊ का, असं विचारतात. आईने हो म्हटलं आहे.

स्थळ: हाउन्सलो, मिडलसेक्स
दिनांक: शनिवार, ८ सप्टेंबर २००७