नऊशे माणसं, एक फाटक

३ जानेवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. पन्नाशीला आलास तरी माझ्याकडून हेच नाव मिळणार. घरात कुणी हसलं तर हसू दे.

इकडे कारखान्यात कुजबुज आहे. आपण बनवतो ते शिलाई मशिनचे भाग कंपनी आता बाहेरून आणणार, असं म्हणतात. तू मुख्य कचेरीत, म्हणून लोक मला गाठतात. कँटीनवाल्या मावशींनी विचारलं, मोठी शेगडी घ्यावी की थांबावं. मी म्हटलं, भाऊ कचेरीतलं घरी बोलत नाही. अठ्ठावीस वर्षं मापं तपासतेय, केसभर फरक बोटाला कळतो. तुझ्या मागच्या पत्रातही काहीतरी केसभर कमी होतं.

तब्येतीला जप. लोभ आहेच, पत्र मात्र हवं.
तुझी ताई

१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
सोबत बदलीचा अर्ज पाठवत आहे. सही करून दोन दिवसांत परत पाठव. इथे मापतपासणीत एक जागा आहे, तुझी सोय आमच्याच घरी होईल. कारण विचारू नकोस. मावशींना सांग, शेगडी घेऊ नका.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
ढब्बू

२ एप्रिल

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.
अर्ज पाठवला नाही. मावशींना निरोप दिला, त्या काय ते समजल्या, आणि संध्याकाळपर्यंत गावही समजलं.

फाटकाला कुलूप लागून महिना झाला. नऊशे माणसं घरी बसली तशी न्हाव्याकडची गर्दी आटली, शिंप्याने मदतनीस काढला, बसच्या दोन फेऱ्या बंद झाल्या. कारखाना बंद पडला म्हणतो आपण, पण बंद काय काय पडतं ते मोजायला कुणी येत नाही.

युनियनच्या सभेत मुख्य कचेरीतून फुटलेला अहवाल वाचून दाखवला. त्यात होतं, ‘तात्पर्य काय, गावात दुसरा रोजगार नसल्याने कामगार किरकोळ भरपाईवर राजी होतील.’ शाळेपासून प्रत्येक निबंधात ‘तात्पर्य काय’ लिहिणारा एकच माणूस मला माहीत आहे. शेजारची म्हणाली, लिहिणाऱ्याला एकदा बघायचंय. मी मान खाली घालून बसले.

आम्ही अकराजणांनी तंत्रशाळेचा बंद पडलेला वर्ग मागून घेतला आहे. चार जुनी यंत्रं आहेत. दवाखान्याच्या खाटांची चाकं करतो, सायकलवाल्यांचे भागही. एकाच गिऱ्हाइकाच्या जिवावर बसायचं नाही, हे मावशींनी सगळ्यांच्या आधी बजावलं.

ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
अहवाल माझाच. वाक्य खरं होतं, म्हणून लिहिलं. ते खरं का आहे, हे मला कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. मला बढती मिळाली आहे. तू सभेत गप्प राहिलीस, त्यापेक्षा उठून नाव घेतलं असतंस तर बरं झालं असतं. तिकडे यावं का, ते सांग.

तुझा

१० नोव्हेंबर, पुढल्या वर्षी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.
गेल्या वर्षी मे महिन्यात आलास, सभेतल्या शेजारणीसमोर उभा राहिलास, ते बरं केलंस. ती अजून तुझ्याशी धड बोलत नाही, पण तू लिहून दिलेल्या अर्जावर तिने जमवलेल्या गटाला शाळांच्या बाकांचं काम मिळालं, हेही ती नाकारत नाही.

आता गावात आमच्यासकट पाच छोटे कारखाने आहेत, सगळे मिळून पावणेदोनशे माणसं. नऊशेच्या मानाने काहीच नाही. तंत्रशाळा पुन्हा भरते; मी आठवड्यातून तीन दिवस मापं शिकवते.

काल एक गोष्ट घडली. यंत्रावर भोकं पाडणारी आमच्याकडची सगळ्यात चांगली मुलगी येऊन म्हणाली, सोमवारपासून येणार नाही, समोरचा कुलपांचा कारखाना जास्त पगार देतो. मला राग आला. मीच शिकवलेली, आणि चालली समोर. पाच मिनिटांनी लक्षात आलं, या गावात नोकरी सोडून रस्ता ओलांडणारं माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

आज सगळ्यांचे पगार वाढवले.

लोभ आहे, तो तसाच ठेव.
ताई