ओव्याच्या वासाचा डोंगर

बाबा, तुमच्या त्या बेटावर जाऊन आले. क्रीटला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आता भांडायला तुम्ही समोर नाही, तरी सांगते. मी तिथे खोट काढायलाच गेले होते.

तुमची बोटीवरची नोकरी. दहा महिने बाहेर, दोन महिने घरी, आणि त्या दोन महिन्यांतही तुम्ही आमचे नसायचातच. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून सांगताय: उन्हाळाभर तिथे पावसाचा थेंब नाही, करडा-पांढरा खडक सरळ पाण्यात उतरलेला, पाणी इतकं नितळ की नांगराची साखळी खोल जाताना दिसते, आणि वारा फिरला की अख्ख्या डोंगराला ओव्याचा वास. "ओव्याचा? पोट बिघडलं असेल तुमचं," आई म्हणायची. तुम्ही मात्र बरणीतला चिमूटभर ओवा तळहातावर चोळून, डोळे मिटून हुंगत बसायचात. एके दिवशी आईने ती बरणी सगळ्यात वरच्या फळीवर ढकलली. मला तेव्हाच कळलं, हिचाही माझ्यासारखाच जळफळाट होतोय. मी आठ वर्षांची. गुहागरच्या किनाऱ्यावरून फ्रॉकच्या घेरात शिंपले भरून आणले, तुमच्यापुढे ओतले, तर तुम्ही म्हणालात, "चिखल कशाला आणलास घरात?" एका डोंगराने माझा बाप पळवला होता, आणि मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

पुढे परदेशात, पासिर रिसच्या माझ्या फ्लॅटवर महिनाभर राहिलात. मी हौसेने तिथल्या ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं. समोर नांगर टाकलेल्या बोटींची ही रांग! तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "पाणी गढूळ आहे गं." परतताना बसमध्ये मी तुमच्याकडे पाठ करून बसले. तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

तर या जूनमध्ये, लेकीच्या शाळेच्या सुट्टीत, गेलेच. खडकावर बसून बघतेय. थाइम नावाची बुटकी, काटेरी झुडपं, वाऱ्याने एका अंगावर वाकलेली ऑलिव्हची झाडं, खाली पाणी असं की पायाची नखं दिसावीत. लेक आमच्या तिकडच्या इंग्रजीत म्हणाली, "नाइस ला, मम्मा, बट सो हॉट." एवढ्यात वारा फिरला. ओवा! त्या मेल्या डोंगराला शिव्या घालायच्या सोडून माझ्या तोंडून "अगंबाई" निघालं. मग आठवलं, तुमची बोट तिथे नेहमी बाहेरच उभी असायची, बंदरात पाळी येईपर्यंत. एकदाही तुम्हाला किनाऱ्यावर उतरू दिलं नव्हतं. कठड्याला टेकून लांबूनच पाहिलंत सगळं. मी पाय बुडवले, चांगले गुडघ्यापर्यंत. खरं सांगू? आधी बरं वाटलं, जिरवली म्हणून. मग तुमची इतकी दया आली की चपला हातात घेऊन तिथेच रडले.

परत आल्यावर पुण्याहून आईचा फोन. अठ्ठ्याहत्तरची झाली ती. जेवणखाण, ऊन, विमान सगळं विचारून झालं, मग हळूच म्हणाली, "खरंच येतो का गं तो वास?" चाळीस वर्षं हा प्रश्न तिने पोटात ठेवला होता.

"छे गं," मी म्हटलं, "नुसता उघडाबोडका डोंगर. थापा मारायचे बाबा."

आई कितीतरी वेळ हसत होती. "वाटलंच होतं मला," म्हणाली.

येतो, बाबा. तुम्ही सांगायचात त्याहून जास्त येतो. पुढेमागे तिकडे तिची भेट झाली, तर एवढं मात्र तिला सांगू नका.