खालच्या हिरडीची टोचणी

३ मार्च
टोचून घेतलं एकदाचं! खालच्या पुढच्या दोन दातांची हिरडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी उरलीय म्हणे. दंतमहाविद्यालयातली मिकाएला शेवटच्या वर्षाला आहे; तिच्या परीक्षेचा रोगी मीच. पेनासारखं यंत्र, टोकाला केसासारख्या सुया – टकटकटक! बारीक बारीक रक्त आलं. त्यानेच हिरडी नव्याने भरते म्हणे. दहा-दहा दिवसांनी चार वेळा. नाही भरली तर टाळूचा तुकडा कापून इथे शिवणार. चाळीस वर्षं माँटेव्हिडिओच्या बसमधल्या खुर्च्यांना ठिगळं लावली, पण माझ्या तोंडात ठिगळ? नको रे बाबा!

"दर टोचणीनंतर चार दिवस गरम काही प्यायचं नाही हं, अवेलिनोकाका." कॉफी बंद, सूप बंद. शहाण्यासारखा वागतोय.

उठलो तर गरगरलं. मिकाएलानेच बाहेरच्या बाकावर बसवलं, आपल्या थर्मासमधून माते ओतून दिला – आमचं नेहमीचं कडसर पाल्याचं पाणी, नळीने ओढायचं. "घ्या, चेहरा पांढरा पडलाय." गुणी पोर.

१३ मार्च
दुसरी टोचणी. दुखलं नाही.

२३ मार्च
तिसऱ्या टोचणीआधी मापलं. तसूभर फरक नाही! तिच्या शिक्षिका इरिगोयेनबाई माझ्यादेखत तिला म्हणाल्या, "हात हलका पडतोय तुझा. अशाने पास नाही करता येणार." पोरीचे कान लाल. मला म्हणाली, "काका, गरम काही घेतलं नाही ना?" "थेंबसुद्धा नाही!" छातीठोक सांगितलं.

२४ मार्च
नेलिदाला सगळं सांगत होतो. बायकोच ती – माझ्या काखेतल्या थर्मासकडे बघत बसली.
"मग हे काय, गुलाबपाणी?"
"हा माते आहे!"
"थंडगार असेल नाही?"
घ्या! रोज दोन थर्मास रिचवतो, तेही चटका देणारी धातूची नळी नेमकी त्याच दातांवर टेकवून. पण माते म्हणजे काय 'पिणं' थोडंच? श्वास घेतो का, असं कोणी विचारतं का!

आता पंचाईत. बाईंना सांगावं, तर पहिला घोट पोरीनेच पाजला हेही निघणार. न सांगावं, तर तिचा हात वाईट ठरतोय.

२६ मार्च
मिकाएलाला गाठून एका दमात सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "मीच दिला ना तुम्हाला! कागदावर चहा, कॉफी, सूप लिहिलं... माते सुचलाच नाही!" "बाकावरचं मी विसरलो," म्हटलं. "मी नाही विसरणार, काका." तडक बाईंकडे गेली, मी मागोमाग.
बाई ऐकत होत्या – माते पिण्याची नळी तोंडातच! मग ती हळूच बाजूला ठेवली.
"इथे टोचून घेणाऱ्या बाकीच्या दहा रोग्यांनाही विचार."

२७ मार्च
अकरापैकी नऊ जण पीत होतो! मी थर्मास माळ्यावर टाकला. डोकं ठणकतंय. नेलिदा म्हणते, तोंडात नळी नाही तर आता तू माणसासारखा बोलतोस, फक्त फार बोलतोस.

२ एप्रिल
चौथी टोचणी. पोरीने सुई दोनदा टेकवली, दोनदा उचलली. म्हटलं, "घाबरू नकोस, तोंड माझं आहे."

२१ मे
हिरडी भरली नाही. मिकाएला पास झाली – त्या नऊ जणांवरच परीक्षेचा निबंध लिहिला तिने. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं आम्हाला हे विचारायचं सुचलं नव्हतं. गुरुवारी माझी टाळू कापणार. मोठे डॉक्टर करतील म्हणत होते. मी म्हटलं, मिकाएला करणार असेल तरच तोंड उघडेन.