हलकी मोळी

९ डिसेंबर

चाललं! एकदाचं चाललं!

सकाळी गाडी भरताना बबिता वहिनीच्या चुंबळीत माझी ओझं मोजायची गादी घातली, कमरेला तिची डबी बांधली, आणि उसाची मोळी डोक्यावर पडल्याबरोबर माझ्या मोबाईलवर रेघ उसळली. प्रयोगशाळेत विटा रचून रचून जीव गेला, पण इतकी देखणी रेघ तिथे कधी आली नाही. मी बांधावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. छबुमावशी म्हणाली, "आमी ऊस वाहून मरतोय आन् ही टाळ्या वाजवती!" बाया हसल्या. मीही हसले, पण जरा ओशाळून.

छबुमावशी टोळीतली सगळ्यात जुनी. मोळ्या बांधून बायांच्या डोक्यावर द्यायचं काम तिचं. बबिता वहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या भावाची, अभिमन्यूदादाची बायको. दोघांचा मिळून एक कोयता. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि नवरा-बायको मिळून कोयता एकच! टोळी आमच्या उमापूरकडची. दर साल सांगली-कोल्हापूरकडे जाते. यंदा आष्टीकडच्या कडा गावाजवळ फड मिळाला म्हणून माझं फावलं. दादाच्याच कोपीत, पाचटाच्या खोपटात, पथारी टाकलीये. पाचटाने अंगाला खाज सुटते, पण बोलायची सोय नाही. वहिनी म्हणेल, दोन इयत्ता जास्त शिकली की नणंदेचं कातडं पातळ होतं!

११ डिसेंबर

छबुमावशीला गादी समजावून सांगितली. आत केसाएवढा तंतू आहे. ह्या टोकातून उजेड सोडायचा, त्या टोकाला किती पोचला ते बघायचं. ओझं पडलं की तंतू दबतो, उजेड वाटेत गळतो. जितका उजेड कमी तितका मानेवर भार जास्त.

ती म्हणाली, "म्हंजी आमच्या डोळ्याम्होरं अंधारी येती तसंच की."

याला ट्रान्सड्यूसर म्हणतात, हे सांगायचं मग राहूनच गेलं.

१४ डिसेंबर

आता चार जणी गादी घालतात. वहिनी, सुनिता, मनिषा आणि सत्यशीला. सुनिता नवी नवरी, मोळीखालीसुद्धा हसते. तिची रेघ हसण्याने थरथरते, खरंच!

बाप्यांना मात्र पटेना. रामकिसन मुकादम म्हणाले, "तुझ्या मोबाईलला काय कळतंय गं वजनातलं?" मलाही चेव आला. दुकानातून सरकी पेंडीचं मापाचं पोतं आणलं, सगळ्यांदेखत गादीवर ठेवलं. आकडा बरोब्बर! अर्धं काढलं, आकडा अर्धा! कॉलर असती तर ताठ केली असती.

आईची मान आता डावीकडे वळत नाही. हाक मारली तर सगळं अंग फिरवते. तिचं ओझं कुणी मोजलं नाही. म्हणून हे सगळं.

२० डिसेंबर

सरांचा फोन. "डेटा फार सुंदर!" माझे गाईड. सुंदर हा शब्द ते वर्षातून एकदा वापरतात.

२६ डिसेंबर

वहिनीची रेघ खाली घसरतेय. बाकी तिघींच्या जवळजवळ जागच्या जागी.

सर म्हणाले, गादी सैल पडली असेल, आतलं सिलिकॉन थंडीत दगा देतं. पेंडीचं पोतं पुन्हा काढलं. गादी ठणठणीत! वहिनीची गादी सुनिताला दिली, सुनिताची वहिनीला. तरी वहिनीच खाली. डोळ्यांनी बघावं तर मोळ्या सारख्याच जाड. काही कळत नाही. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "तुमच्या यंतराला माझी दया आली आसंल, ताई." आणि भाकरी थापत बसली.

३० डिसेंबर

आज हे काय करून बसले मी.

सकाळी मुकादम भडकलेले. कालची गाडी वजनाला कमी भरली, त्यांना वरून बोलणी बसली. तो राग माझ्यावर. "तुझ्या वायरीपायी लोडिंगला उशीर होतो. उद्यापासनं बंद!" हंगाम हातचा गेला तर पुढच्या सालापर्यंत बसा हात चोळत. म्हणून मी मोबाईल काढला. काका, बघा तर, किती कामाचं आहे हे, म्हणून चारही रेघा दाखवल्या. दुकानदाराने साड्या उलगडाव्यात तशा!

त्यांनी निळ्या रेघेवर बोट ठेवलं. "ही कुनाची? खाली कावून चाललीय?"

मी म्हणाले, "वहिनीची."

एवढंच. एवढंच म्हणाले मी! शाळेत बाईंनी विचारल्यावर हात वर करायची सवय, ती कुठे जाते?

मुकादम हसले. फडात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "काय बे अभ्या, तुझी बायकू ऊस वाहती का फुलं?" गडी खो-खो हसले. दादाचं तोंड असं झालं की मला बघवेना. त्याने कोयता टाकला, छबुमावशीच्या हातातून उसाच्या शेंड्याचा, वाढ्याचा बंध ओढून घेतला, स्वतः मोळी बांधली. गुडघा देऊन आवळली. उचलून वहिनीच्या डोक्यावर ठेवली. निळी रेघ वर गेली. बाकी तिघींच्या वर! वहिनी फळीवरून गाडीत चढली, उतरली, परत आली. दुसरी मोळी तयार. दिवसभर हेच. मुकादमांनी मला परवानगी दिली. म्हणाले, "चालू ठेव. लई गुणाचं हाय."

दुपारी छबुमावशीने मला उसाच्या आड ओढलं. मला वाटलं आता मारते.

"तिला दिवस गेलेत, योगे. तिसरा चालू हाय. तू कावून दाखवलंस त्याला?"

मग सगळं कळलं. टोळीत कुणाला दिवस गेले की बाया ओझं आपसात वाटून घेतात. पोटुशी बाईची मोळी सैल बांधायची. बघायला जाडच, आत ऊस कमी. राहिलेला बाकीच्यांच्या मोळ्यांत थोडा थोडा सरकवायचा. बाप्यांना सांगायचं नाही. मुकादमांना तर नाहीच. छबुमावशीच्या पोरी अशाच झाल्या. दादा असाच झाला. मीसुद्धा. आई सैल मोळ्या वाहत होती तेव्हा मी पोटात होते. इतक्या वर्षांत एका पुरुषाच्या डोळ्याला दिसलं नाही. ते माझ्या गादीला दिसलं.

३१ डिसेंबर

वहिनीने आईची शपथ घातलीये. दादाला सांगायचं नाही. "मागल्या येळंला लगेच सांगितलं, गावभर झालं, आन् आठ दिसांत गेलं. चवथा लागू द्या ताई. मंग मी सोताच सांगते."

मी म्हणाले, पण तो मोळ्या आवळतोय! ती म्हणाली, "दोन दिस आवळंल. राग गेला की बसंल गप."

म्हणून सकाळी मुकादमांकडे गेले आणि चक्क खोटं बोलले. वहिनीची गादी बिघडलीये, ती रेघ चुकीची होती. दादासमोर सांगितलं. मुकादम म्हणाले, "आगं जा! तूच पोतं ठिवून दाखवलंस की. आम्ही काय येडे हाय व्हय?" दादा परत गुडघा देऊन मोळी आवळायला लागला. छबुमावशीने हात घातला तर म्हणाला, "मावशे, माझा कोयता मी बघतो."

मी सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. शपथ आडवी आली.

१ जानेवारी

वहिनी जेवली नाही. कंबर धरून बसली. मी शपथ मोडली, दादाला सांगितलं.

उशीर झाला होता.

४ जानेवारी

आष्टीच्या दवाखान्यातून आज आणलं. मूल गेलं. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, जड काही उचललं का? दादा म्हणाला, ऊसतोड हाय आमची. त्यांनी पुढे विचारलं नाही.

मला विचारलं असतं तर मी किलोत सांगितलं असतं. माझ्याकडे सगळं आहे! प्रत्येक मोळी, प्रत्येक पाऊल. कुठल्या मोळीला तिचा पाय लटपटला तेसुद्धा दिसतं. काल मी तो आलेख उघडला आणि झाकला. मला स्वतःची किळस आली.

येताना जीपमध्ये दादा माझ्याशेजारी होता. म्हणाला, "सगळ्या बायांला म्हाईत. तुला म्हाईत. मलाच कावून न्हाई?" मग म्हणाला, "ह्या हातानं आवळली गं." हात माझ्यापुढे धरले. वहिनी खिडकीकडे तोंड करून बसली होती.

६ जानेवारी

मुकादम कोपीवर आले. आत आले नाहीत. बाहेर उकिडवे बसले, काडीने माती उकरत. "मला कुनी सांगितलं आसतं तर मी काय राकीस हाय का? मलाबी लेकी हायेत." कदाचित खरंच असेल. सांगून बघायची हिंमत मात्र आजवर कुठल्या बाईने केली नाही, हेही खरंच असेल. छबुमावशीने त्यांना चहा दिला. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

९ जानेवारी

वहिनी आज फडात. आम्ही सगळ्यांनी नको म्हटलं. ऐकलं नाही. गादी घालायचं मी तिला विचारलंही नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. कोपीपुढे सारवलं, बायांनी एकमेकींना हळदीकुंकू लावलं. वहिनीने मलाही लावलं, तिळगूळ हातावर ठेवला. बाकी सगळ्यांना "गोड बोला" म्हणाली. मला म्हणाली नाही.

आत जाऊन रडले. चांगली हुंदके देऊन. बरं वाटलं नाही.

१९ जानेवारी

नवीनच खूळ! रामकिसनकाकांनी कुठल्याशा टपरीवर माझ्या यंत्राचं कौतुक केलंय. पोर जायच्या आधीच. आता तलवाड्याकडच्या एका मुकादमाचा फोन आला. "ते डोक्यावरचं यंत्र आमच्या टोळीला मिळंल का? कोन कामचुकारपणा करतंय ते कळंल."

मी फोन ठेवून दिला.

२१ जानेवारी

सरांना सगळं सांगितलं. वहिनीचं, सैल मोळ्यांचं, त्या फोनचं. "फार वाईट झालं, योगिता," सर म्हणाले, आणि मनापासून म्हणाले, त्यांचा आवाज मला ओळखू येतो. मग म्हणाले, पण विचार कर, डोळ्यांना न दिसणारा फरक आपल्या गादीने पकडला. याहून मोठा पुरावा कुठला? आणि मागणीही येतेय!

मी म्हणाले, मला हे बंद करायचंय.

"तू दमली आहेस. घरी जा, चार दिवस झोप. उरलेला हंगाम आपल्या प्रयोगशाळेतला हरिओम बघेल. प्रामाणिक मुलगा आहे, एक आकडा इकडचा तिकडे होऊ देत नाही."

हरिओमला मी ओळखते. खरंच होऊ देत नाही.

म्हणाले, नको सर. मीच थांबते.

२८ जानेवारी

सुनिताची रेघ आठवडाभर खाली येतेय. ती अजून हसते. आज छबुमावशीने सैल मोळी तिच्या डोक्यावर ठेवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मी मोबाईल उघडला, मोळीबाहेर राहिलेला ऊस सुनिताच्या आकड्यांत घातला आणि फाईल सरांना पाठवली. आज तिघींचंही ओझं सारखं आलं.