चौदा मुलांचे पत्ते

मी, इंग्रिड हाल्वर्सन, वय ८३, निवृत्त सरकारी समाजसेविका, राहणार सास्काटून, कॅनडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे, डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझ्या वह्या डेल्फीन हॅल्केट हिला द्याव्यात.

कारण लिहिणे भाग आहे. १९६७च्या हिवाळ्यात, ती चार वर्षांची असताना, उत्तरेच्या क्री आदिवासींच्या वस्तीतून मी तिला नेले. आजीचे घर उबदार होते, पोर गुटगुटीत होती. पण घरात नळ नव्हता, आणि आमच्या नियमात ती हेळसांड ठरत असे. आजी शांतपणे म्हणाली, "पाणी नाही म्हणतेस, तर पाणी आण बाई. पोर कशाला नेतेस?" मी 'हेळसांड' हा रकाना भरला आणि पोरीला गाडीत बसवले.

अशी चौदा मुले. कोणाला कुठल्या गोऱ्या घरात दत्तक दिले ते सरकारी कपाटात बंद झाले. माझ्या वह्यांत राहिले.

पुढे मी हाच विषय कॉलेजात शिकवला. एका परिषदेत न्यूझीलंडची माओरी कार्यकर्ती म्हणाली, त्यांच्याकडेही असेच चाले. आता मूल हलवण्याआधी नातलगांना एकत्र बसवतात. घरी येऊन मी डेल्फीनला शोधून काढले. ती चौतीस वर्षांची झाली होती, आजी केव्हाच गेली होती. मी माफी मागू लागले.

"माफी तुमच्यापाशीच ठेवा," ती म्हणाली. "बाकीच्या तेरा जणांचे पत्ते द्या."

मी ते उतरवून दिले. नऊ जण भेटले, दोघांच्या कबरी सापडल्या, दोघे अजून बाकी आहेत. मूळ वह्या मात्र मी हातातून सोडल्या नाहीत. त्यांत मुलांच्या मूळ घरांचे इतरही तपशील आहेत, आणि त्यांच्या शेजारी माझे लाजिरवाणे शेरे.

२. घर विकू नये. मुलांच्या ताब्याच्या खटल्यांसाठी उत्तरेतून येणाऱ्या आईबापांना, आज्यांना ते उतरायला द्यावे. कारभार डेल्फीनकडे. माझा भाचा लार्स म्हणतो, "मावशी, परक्यांना घर?" परके कोण, हा माझा अंदाज पूर्वी चुकला आहे. लार्सला होडी आणि गाडी द्यावी.

३. १९७१चे मानपत्र जाळावे. ते सर्वाधिक मुलांची 'सोय लावल्याबद्दल' मिळाले होते.

४. अंत्यविधीत डेल्फीनला बोलायचा आग्रह करू नये.

हे सारे आज तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "राहिलेले दोघे साठीच्या पुढे गेले असतील. तुम्ही मरेपर्यंत थांबायला त्यांना सवड नाही."

म्हणून कलम १ रद्द. वह्या तिने दुपारीच नेल्या.

साक्षीदार: ओक्साना ह्रित्साक, शेजारीण, वॉल्टर डिक, निवृत्त पोस्टमन.

सही: इंग्रिड हाल्वर्सन
सास्काटून, १४ ऑक्टोबर २०२१