खिळ्यावरचा नान

प्रिय बुरुल,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. दोनदा फाडलं. चहा ओतते, तो तसाच थंड होतो. खिडकीपाशी जाते, परत येते. एका जागी बसवतच नाही.

पेपरातली नोकरी सोडली त्या दिवशी तू मला गोल नानचा एक घास तोडायला लावलास, फौजेत निघालेल्या पोरांना लावतात तसा, आणि उरलेला माझ्या टेबलामागच्या खिळ्याला टांगलास. "परत आलीस की खाशील गं बये," म्हणालीस. सगळे हसले. मीही हसले, पण तुझा राग आला होता. मी काय लढाईला चालले होते? खाणीच्या कंपनीत जनसंपर्क बघायला चालले होते. उबदार खोली, वेळेवर पगार, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन. तेही झालं, आई आता बाजारापर्यंत चालते.

पण बातमीची सवय जात नाही बघ. परवा कंपनीचं निवेदन लिहायला बसले आणि महत्त्वाचं ते पहिल्याच ओळीत लिहून गेले: खाणीच्या विषारी गाळाचा बांध झिरपला, पाणी खालच्या ओढ्यात उतरलं. आमचे एर्मेकसाहेब हसले. "जिपार, अजून वार्ताहरच आहेस की! हे कुणी विचारलंय तुला?" ती ओळ खोडली. उरलं एवढंच, की बांधाची नेहमीची दुरुस्ती सुरू आहे. खाली माझं नाव.

आणि तुम्ही ते जसंच्या तसं छापलंत! साधा एक फोन नाही. आधी हायसं वाटलं, मग तुझा इतका संताप आला. माझा त्याहून जास्त.

आज दुपारी न राहवून ओढ्याकाठच्या वस्तीवर गेले. पाणी पिऊ नका म्हटलं. एक म्हातारी बादली भरता भरता म्हणाली, "पेपरात तर दुरुस्ती लिहिलीय, पोरी. जिपार म्हणून कुणी बाई आहे, तिनंच सांगितलंय." मला माझं नाव सांगता आलं नाही गं.

म्हणून भावाच्या हाती हे पत्र पाठवतेय. वाचल्याबरोबर मला फोन कर, पेपरकडून, रीतसर. एकच विचार: बांध झिरपला का? मी हो म्हणेन. पहिल्या ओळीत छाप, माझ्या नावासकट. आणि खिळ्यावरचा नान उतरवून ठेव. दगड झाला असेल. चहात बुडवून खाईन.

तुझीच,
जिपार